जिभेचे सुख आणि मनाचे मोठेपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गरम भात, वर पिवळे वरण, तुपाची धार आणि लिंबाची फोड. हे सुख चवीने घेताना मनुष्य नीतीच्या पायरीवरून खाली उतरतो काय, असा आजचा प्रश्न आहे.

उतरतो, असे म्हणणारे काही लहानसहान लोक नव्हेत. गांधीजींच्या आश्रमात अस्वाद हे एक व्रतच होते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी त्याचा खुलासा केला आहे. अन्न औषधासारखे, देहाला लागेल तेवढेच घ्यावे. चवीसाठी घेऊ नये. बापूंविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणते की, औषध देणे निराळे आणि जेवू घालणे निराळे. जेवणाऱ्याने ‘वा!’ म्हणायचेच नाही असे ठरले, तर रांधणारीने फोडणीची वेळ साधायची कोणासाठी? (यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आपण ओळखलेच असेल.)

उलट ग्रीस देशातील एपिक्युरस पाहा. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी त्याने अथेन्सजवळ एका बागेत आपली शाळा काढली. तेथे स्त्रियांना आणि गुलामांनाही मज्जाव नव्हता. सुख हेच श्रेय, असे तो म्हणे. म्हणून लोकांनी त्याला खादाड ठरविले. प्रत्यक्षात तो भाकरी-पाण्यावर राही. थोडे चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करीन, असे त्याने मित्राला कळविल्याचे सांगतात. एवढ्याशा चीजची मेजवानी करणाऱ्याला विलासी कसे म्हणावे? गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे सांगितले आहे.

पण मला खरी वाट दिसते ती पैठणच्या नाथांच्या कथेत. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. अस्पृश्य मानलेली काही माणसे रस्त्याने चालली होती. त्यांना त्या पक्वान्नांचा वास आला आणि असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे ती आपसांत बोलली. नाथांनी ते ऐकले, त्यांना घरात बोलावले आणि पोटभर वाढले. गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटविली. ब्राह्मण रागावले, ते रागावणारच होते. आता सांगा, वासाने तोंडाला पाणी सुटणे हे क्षुद्र, असे नाथांनी मानले असते तर? त्या माणसांना कोरडा उपदेश मिळाला असता. चव ज्याला ठाऊक, त्यालाच दुसऱ्याचे रिकामे ताट दिसते.

त्यागाची मला भीती नाही. तो कोणावर लादला, हे मात्र मी पाहते. जुन्या काळी विधवेचे केस काढीत, तिला एकवेळच्या जेवणावर ठेवीत आणि त्याला वैराग्य म्हणत. त्याच घरात पुरुषांच्या पंक्तीत जिलबीचा आग्रह चाले! नीती मोडत होती ती त्या जिलबीने नव्हे, वाढण्याच्या पद्धतीने. आणि सर्वांच्या मागून, गार पोळी आणि तळाशी उरलेली आमटी घेऊन बसणारी बाई अजून पुष्कळ घरांत आहे. तिला कोणी विचारलेले नसते. ती अन्नपूर्णा म्हणून तिचे कौतुक तेवढे होते.

अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर एक विनंती करते. आतून मसालेभाताचा वास येतो आहे. सकाळपासून चुलीपाशी असलेल्या भगिनींना आज पहिल्या पंक्तीला बसवावे. वाढायला मी येते. आणखी दोघी-तिघी पदर खोचून उठतील तर बरे.