आपली गोष्ट, आपल्या आवाजात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, तेव्हा आम्ही गुणवंत विद्यार्थ्यांस उपदेश करावा, अशीच मंडळाची अपेक्षा असावी. निवृत्त शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावयाची! परंतु उपदेशाचे काम आम्ही 37 वर्षे केले. आज विद्यार्थ्यांनी आम्हांस जे शिकविले, ते आपल्यापुढे ठेवण्याचा विचार आहे.

आमच्या लहानपणी गावात एकच रेडिओ होता, तो ग्रामपंचायतीचा. रेडिओ बाळगावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. सायंकाळी पारावर माणसे जमत आणि पुण्याचा आवाज ऐकत. आकाशवाणीचे पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. 1955 साली ह्याच केंद्रावरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले आणि घराघरांत ते पोहोचले. व्यंकटेश माडगूळकरांनी ह्याच केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांचे काम पुष्कळ वर्षे केले. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार ह्या त्रयीने पुढे गावोगावच्या व्यासपीठांवरून कथाकथन केले, तेव्हा छापील गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट ह्यांतील अंतर महाराष्ट्रास उमगले. तथापि आम्ही केवळ ऐकणारे होतो. त्या पेटीतून आपल्या आळीतील कोणाचा आवाज येईल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

ही स्थिती पालटण्यास निमित्त झाले ते क्रिकेटच्या एका तंट्याचे. सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निर्णय लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र होते. पुढे 2002 च्या अखेरीस शिक्षणसंस्थांस स्वतःचे लहान रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा देण्याचे शासनाने ठरविले. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले. आपल्या पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ह्याच जातकुळीतली. 2006 साली हे दार सेवाभावी संस्थांसही उघडले आणि माण तालुक्यात म्हसवडसारख्या ठिकाणाहून ‘माणदेशी तरंग’ ऐकू येऊ लागले. ह्या केंद्रांची शक्ती थोडी असते. साधारणतः 100 वॅटची मर्यादा. म्हणजे आवाज पाचपंचवीस गावांपलीकडे जात नाही. निम्मे तरी कार्यक्रम तेथल्याच लोकांच्या सहभागाने व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, असे शासनाच्या नियमावलीतच म्हटले आहे. हे शेवटचे कलम आपण ध्यानात ठेवावे, कारण आमची फजिती त्याच कलमापाशी झाली.

आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात असे केंद्र आहे. तेथील विद्यार्थी आठवड्यातून एकदा अर्धा तास कथाकथनाचा कार्यक्रम करतात. परिसरात लिहिणारी जी माणसे आहेत, त्यांस बोलावतात आणि त्यांच्याच तोंडून गोष्ट वदवितात. एस. टी. चे निवृत्त वाहक, एक अंगणवाडी सेविका, एक पोस्टमन अशी मंडळी तेथे येऊन गेली होती. आमच्या काही कथा शालेय अंकांतून छापून आल्या असल्याने आम्हांसही निमंत्रण आले.

आम्ही 1972 च्या दुष्काळावर लिहिलेली एक कथा घेऊन गेलो. आमची आई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडीत असे. एका रात्री घरात पाण्याचा थेंब उरला नाही, एवढाच त्या कथेचा प्रसंग. खोली लहान, भिंतींस जाड आवरण, समोर ध्वनिक्षेपक. काचेपलीकडे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी यंत्रे सांभाळीत होती. आम्ही खणखणीत वाचन सुरू केले : “माता उद्गारली, बाळा, घरातील पाणी संपले आहे.” मुलीने हात वर करून आम्हांस थांबविले. आत येऊन ती अदबीने म्हणाली, “गुरुजी, तुमच्या आई असंच बोलायच्या का?”

आम्ही निरुत्तर झालो. आमची आई आयुष्यात कधीही ‘उद्गारली’ नव्हती. मुलगी म्हणाली, “कागद बाजूला ठेवा, गुरुजी. त्याची खळखळसुद्धा ऐकू येते. मला सांगा, जसं घरी सांगाल तसं.” आम्ही कागद मिटला. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या खेपेस आई जसे म्हणाली होती तसेच तोंडातून आले : “पानी सरलं रं लेकरा. आता रात तेवढी सराया हवी.” पुढची गोष्ट आम्ही कशी सांगितली, हे आम्हांसच कळले नाही.

कार्यक्रम प्रसारित झाला त्या सायंकाळी आमच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, दूरध्वनी आला. ती त्या गावापासून दोन कोसांवरील वस्तीवर राहते. तिला लिहितावाचता येत नाही. त्यामुळे आमची छापील कथा तिने कधी वाचली नव्हती. ती म्हणाली, “तू चुकीचं सांगितलंस. पानी सरलं नव्हतं. घागर फुटली हुती. म्याच फोडली हुती. आबाच्या कानावर जाऊ नये म्हनून आईनं कुनालाबी सांगितलं न्हाई.”

सज्जनहो, पन्नासाहून अधिक वर्षे आम्ही जी गोष्ट निसर्गाच्या कोपाची म्हणून लिहीत होतो, ती एका आईने लेकीची चूक पोटात घातल्याची गोष्ट होती. ती कथा छापून आल्यावर कोणी आमची चूक दाखविली नाही. सांगितलेल्या गोष्टीने ती एका सायंकाळी दाखविली. कारण आईची भाषा कानी पडताच अक्काचे तोंड उघडले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, आणि ह्याचे कारण केवळ आई नव्हती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील एक तास आठवला. चौथीतल्या एका मुलाने गोष्ट सुरू केली, “म्या रानात गेलतो.” आम्ही त्यास थांबवून ‘मी गेलो होतो’ असे म्हणावयास लावले. असे तीनदा झाले. वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि त्या वर्षात पुन्हा गोष्ट सांगावयास उभा राहिला नाही. तो रानात गेल्यावर पुढे काय झाले, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. त्या मुलासारखी आणखी किती मुले आम्ही खाली बसविली, ह्याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटात नाही.

प्रमाण भाषा शिकवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. अर्ज लिहावयास, ग्रंथ वाचावयास, चार लोकांत व्यवहार करावयास ती आलीच पाहिजे. परंतु ती शिकविताना घरची भाषा अशुद्ध म्हणून हिणविण्याचे कारण नव्हते. आपल्या ज्ञातीतही शहरात स्थिरावलेली कित्येक कुटुंबे गावाकडची वृद्ध माणसे चारचौघांत बोलू लागली की संकोचतात. हा संकोच आम्ही शिक्षकांनीच पेरला. तो उपटण्याचे कामही आम्हीच केले पाहिजे.

सबब मंडळास आमची नम्र सूचना आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची छायाचित्रे छापली जातात. ती अवश्य छापावीत. त्याबरोबर ज्ञातीतील सत्तरीपुढील स्त्रीपुरुषांचे आवाज मुद्रित करून ठेवावेत. आज हे काम प्रत्येकाच्या खिशातील यंत्रावर होते. त्यास पैसा लागत नाही, बसून ऐकण्याची सवड लागते. ज्या गावी महाविद्यालयाचे केंद्र असेल, तेथे आपल्या वृद्धांस घेऊन जावे. आणि आज पारितोषिक घेणाऱ्या मुलामुलींनो, तुम्ही घरी गेलात की आजीस एक गोष्ट सांगावयास लावा. ती बोलत असता तिचे शब्द सुधारू नका. आम्ही ते करून पाहिले आहे. त्यात नुकसान आपलेच होते.

अक्का पुढच्या महिन्यात त्या केंद्रावर जाणार आहे. घागरीची गोष्ट तिची आहे, ती तीच सांगेल. आम्ही ह्या खेपेस काचेपलीकडे बसून ऐकणार आहोत.