कशावर अभ्यास करू, असं विचारणाऱ्या पोरापोरींना

(वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसाच, थोडा कमी करून छापत आहोत.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्या तीन-चार पोरापोरींनी मला गाठलं. सगळी मानवशास्त्र शिकणारी. प्रबंधाला विषय पाहिजे, सरांनी महिन्याची मुदत दिली आहे. कागदावर यादीच आणली होती: आंधांचे लग्नविधी, गोंदण, पारध्यांचे देव, दंडार. यातला कोणता घेऊ ते सांगा, म्हणाले. मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर बोलू. कारण विषय तुमचा असला तरी ज्या वाडीवर तुम्ही लिहिणार, तिचाही तो आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक शिकणारी बाई आली होती. तीन दिवस तिनं मायले लग्नाची गाणी विचारली. माय गात राहिली, बाई लिहीत राहिली. जाताना माय म्हणाली, "बाई, आमच्या वावराचं काहीच नाई इचारलं तुनं?" बाई म्हणाली, तो माझा विषय नाही. तिला मी दोष देत नाही, तिला तसंच शिकवलं होतं. पण पुढे २००८ साली वनहक्काचे नियम आले, आम्ही दावे भरायला बसलो, तेव्हा कळलं काय हुकलं ते.

त्या नियमांतला तेरावा नियम पोरांनी तोंडपाठ करावा. पुरावा म्हणून काय चालतं ते त्यात आहे. सरकारी कागद चालतात, तसं गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं सांगणंही चालतं, फक्त तो स्वतः दावेदार नको. जमीन सपाट केलेली, बांध घातलेले, ते चालतं. जुनी विहीर, मसणवटी, देवाची जागा चालते. आणि नामांकित संस्थांनी रूढी-परंपरांवर केलेला अभ्यास, तोही चालतो. भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचं नावच तिथे घातलं आहे. म्हणजे तुमच्या विद्येला कायद्यानं पुराव्याच्या रांगेत बसवलं. आता एका विद्यार्थ्याचा प्रबंध म्हणजे सर्वेक्षण नव्हे, साहेब तो बाजूला सारू शकतो. पण त्यातून तयार झालेला म्हाताऱ्यांचा जबाब आणि देवाच्या जागेचा नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडला, तर सारणं सोपं नाही.

म्हणून मी लग्नविधी सोडा म्हणत नाही. लग्नविधीच घ्या, पण विचारा: नवरदेव पहिला नारळ कुठे फोडतो? तो देव कोणाच्या धुऱ्यावर आहे, की जंगलात आहे? त्या जागेचा गट नंबर काय? आजा मेला तेव्हा कुठे पुरला? एवढं विचारलं की संस्कृती आणि जमीन हे दोन विषय राहतच नाहीत.

आता दुसरी बाजू. लिहिलेलं उलटतंही. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड निघाले. वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांतात होतं. आपल्या आंधांना त्यात हलक्या दर्जाची, शेती करणारी जात म्हटलं आहे. शिवी बाजूला ठेवा, 'शेती करणारी' हा शब्द धरा. "तुम्ही जंगलातले, तुम्ही कधीपासून वावरं केली?" असं फॉरेस्टवाला विचारतो, तेव्हा तो शब्द कामाचा आहे.

पण १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. तेव्हापासून जात पडताळणीत देव, लग्न, मयताच्या चालीरीती तपासतात. पोराला विचारतात, तुमचं कुलदैवत कोणतं, मयताला काय करता. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की शंका. शंभर वर्षांत माणसं बदलत नाहीत का? तुम्ही एखाद्या वाडीत दोन घरी पाहिलेली रीत 'आंधांची रीत' म्हणून छापली, तर उद्या ती रीत न पाळणाऱ्या तिसऱ्या घरच्या पोरीची नोकरी अडू शकते. म्हणून पूर्ण जमातीवर विषय घेऊ नका. एक वाडी घ्या, वाडी कोणती, साल कोणतं ते लिहा, आणि रीत बदलली असेल तर बदलली म्हणून लिहा.

ई-क्लासच्या जमिनीचं आणखी नाजूक आहे. १९९१ च्या शासन निर्णयात गायरानावरच्या अतिक्रमणाला १४ एप्रिल १९९० ही तारीख आहे. वनजमिनीला १३ डिसेंबर २००५. एखादं पारधी कुटुंब कधी येऊन बसलं, हे तुम्ही नावानिशी चुकीचं लिहिलं तर त्याचं वावर गेलं. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. दोन वह्या ठेवा. दाव्याच्या वहीत नावं, तारखा, अंगठे, ती ग्रामसभेकडे राहील. कॉलेजच्या वहीत नावं नकोत.

कोणी म्हणेल, हे शास्त्र नाही, चळवळ आहे. त्याला आदिलाबाद दाखवा. १९४० साली जोडेघाटला कोमुरम भीम मारला गेला. मग गोंड का उठले ते शोधायला निजाम सरकारनं फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा मानवशास्त्रज्ञ धाडला. तो मारलवाईत राहिला. गोंडांच्या कुळदेवांवर त्यानं जाडजूड लिहिलं, आणि पट्टे नाहीत म्हणून जमिनी जातात हेही लिहिलं. पुढे पट्टे वाटले गेले. माणूस सरकारचाच होता, हे विसरू नका. पण त्यानं कुळदेव आणि पट्टा वेगळे केले नाहीत.

सरांना काय सांगायचं? सरांना सांगा, एका वाडीतली देवस्थानं आणि वहिवाट, असा विषय आहे. नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर लग्नविधी हे नाव राहू द्या, आत काय विचारायचं ते तुमच्या हातात आहे.

मालेगाव तालुक्यातल्या फेटाळलेल्या दाव्यांच्या नकला संघटनेच्या पेटीत आहेत. विषय ठरवण्याआधी दोन दिवस त्या वाचा. कोणता पुरावा कमी पडला ते प्रत्येकावर लिहिलेलं आहे. पेटीची किल्ली माझ्याकडेच आहे, जेवणाच्या सुट्टीत घेऊन जा.