मधुमेही आणि आंतड्याची दुर्बीण

शौचावाटे रक्त जाऊं लागलें, किंवा शौचाच्या संवयींत अकारण पालट पडला, म्हणजे वैद्य मोठ्या आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, सुचवितात. मधुमेह आहे म्हणून ती टाळणें हिताचें नव्हे. मधुमेह्यास या आंतड्याच्या कर्करोगाचा धोका उलट अधिकच असतो.

खरी कसोटी पूर्वतयारीची. मराठवाड्यांतील घरांना एकादशी नवी नाहीं. पण या उपवासास साबुदाणा-शेंगदाणे चालत नाहींत. दोन-तीन दिवस आधींपासून ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, तीळ वर्ज्य करून मऊ भात घ्यावा. आदल्या दिवशीं सांगितलेलीं नितळ पेयेंच घ्यावीं. अन्न थांबवून नेहमींचें औषध तसेंच चालविल्यास साखर उतरून प्राणावर बेतूं शकतें; इन्सुलिन मनानेंच बंद करणेंही तितकेंच घातक. कांहीं गोळ्या तर तीन-चार दिवस आधींच थांबवाव्या लागतात. म्हणून प्रत्येक औषधाची सूचना डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि तपासणीसाठीं सकाळची वेळ मागावी. साखर वारंवार मोजावी. ती ७० च्या खालीं गेल्यास तीन चमचे साखर पाण्यांतून घ्यावी, १५ मिनिटांनीं पुन्हा मोजावी व रुग्णालयास कळवावें.

किनवटहून नांदेडास किंवा उदगीरहून लातुरास येणाऱ्यानें जुलाबाचें औषध पिऊन एस.टी.त बसूं नये. आदल्या दिवशींच शहरांत मुक्काम करावा, आणि सोबत जाणतें माणूस असावें.