उघड्या टपाची मोटार आणि वेगाची शाळा

ठाण्याच्या वर्तकनगर भागांत सायंकाळच्या सुमारास टप दुमडलेली, दोनच बैठकींची एखादी मोटार पोखरण रस्त्यानें जाऊं लागली, म्हणजे कडेचीं मुलें जागच्या जागीं थबकतात. टांग्याचा किंवा व्हिक्टोरियाचा टप पाडून हवा खात जाण्याचें सुख जुन्या पिढीस चांगलें ठाऊक होतें. मोटारीचा टप पाडला म्हणजे त्या सुखांत वेगाची भर पडते. परंतु वर्तकनगरच्या रस्त्यावर तो वेग मिळावा कसा? पुढें बस, मागें रिक्षा, बाजूला शाळेंतून परतणारीं मुलें आणि चौकांत लाल दिवा! ताशीं दोनशें किलोमीटर धांवण्याच्या हिशेबानें बांधलेलें यंत्र येथें पायीं चालणाऱ्याच्या बरोबरीनें सरकत असतें. अशा मोटारीच्या मालकानें आपली हौस कोठें भागवावी? हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या चैनीचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण तसें नाहीं. मालकानें त्याचें उत्तर चुकीचें दिलें, तर त्याची किंमत रस्त्यानें चालणाऱ्या तिऱ्हाइतास मोजावी लागते.

तें चुकीचें उत्तर सर्वांच्या परिचयाचें आहे. मध्यरात्र उलटावी, रहदारी ओसरावी, आणि घोडबंदर रस्ता मोकळा दिसतांच पाय दाबावा! रस्ता मोकळा दिसतो, पण तो मोकळा असतोच असें नाहीं. रात्रपाळीहून परतणारा कामगार, पहांटेचा दूधवाला, आडवें येणारें कुत्रें, पावसानें पडलेला खड्डा, यांपैकीं कोणीहि आगाऊ सूचना देऊन पुढें येत नाहीं. म्हणूनच राज्य सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें गुन्हा ठरविला आहे. २०१९ मधील दुरुस्तीनें पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपराध पुन्हां घडल्यास कैदेची मर्यादा एक वर्षाची आणि दंडाची दहा हजारांची होते.

वेगाची ही ओढ कांहीं आजची नव्हे. जे. आर. डी. टाटा तरुणपणीं बुगाटी मोटार मोठ्या हौसेनें हाकीत. ती हाकण्यावरून मुंबईंत त्यांच्यावर किटाळ आलें, तेव्हां ते जॅक विकाजी या वकिलांच्या सल्ल्यास गेले. तेथें वकिलांची पुतणी थेल्मा यांची गांठ पडली, आणि १९३० मध्यें उभयतांचा विवाह झाला. वेगापायीं उद्भवलेल्या कज्ज्याचा शेवट असा मंगलकार्यांत होण्याचें भाग्य फारच थोड्यांच्या वांट्यास येतें. बहुतेकांच्या बाबतींत तो रुग्णालयांत होतो.

या प्रश्नाचें खरें उत्तर पाश्चात्य देशांनीं शतकापूर्वींच शोधून काढलें. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें रस्त्यावरील वेगास ताशीं २० मैलांची मर्यादा घातली होती. मोटारी बनविणाऱ्यांस त्या कसोटीस लावण्यास जागा उरली नाहीं. तेव्हां १९०७ मध्यें ब्रुकलंड्स येथें केवळ मोटारींसाठीं बंदिस्त मार्ग बांधण्यांत आला. जर्मनींत १९२७ मध्यें न्यूरबर्गरिंगचा डोंगराळ मार्ग खुला झाला. शर्यती नसतील अशा वेळीं पैसे भरून कोणाहि सामान्य मालकास आपली गाडी तेथें नेतां येते. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळ विमानतळ ओस पडले, तेव्हां हौशी लोकांनीं आपला मोर्चा तिकडे वळविला. सिल्व्हरस्टोन व गुडवुड हे इंग्लंडांतील प्रसिद्ध मार्ग १९४८ च्या सुमारास अशा युद्धकालीन विमानतळांवरच उभे राहिले. आपल्या देशांतहि तेंच घडलें. मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन धांवपट्टीवर अनेक वर्षें शर्यती भरत, आणि मुंबईंत जुहूच्या धांवपट्टीवरहि मोटारी धांवल्या.

या परंपरेंतूनच हौशी मालकांचा 'ट्रॅक डे' निघाला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. येथें बक्षीस नाहीं, क्रमांक नाहीं, कोण कोणाच्या पुढें गेला याची नोंद नाहीं. सकाळीं सर्व चालकांस एकत्र बसवून नियम समजावून सांगतात. पिवळें निशाण दिसलें कीं पुढें धोका आहे असें जाणून वेग कमी करावयाचा. तांबडें निशाण दिसलें कीं फेरी सोडून सावकाश परत यावयाचें. निळें दिसलें कीं मागून जलद गाडी येत आहे असें समजावयाचें. नवशिक्यांचा गट निराळा आणि मुरलेल्यांचा निराळा. पुढें जावयाचें तें सामान्यतः सरळ टप्प्यावरच, आणि तेंहि पुढच्या चालकानें हातानें वाट दाखविल्यावर. रस्त्यावर ज्या मनुष्यास कोणी मागें टाकलें तर अपमान वाटतो, तोच मनुष्य येथें स्वतः हात करून दुसऱ्यास वाट देतो. हा बदल लहान नव्हे.

उघड्या टपाच्या मोटारीस या शाळेंत प्रवेश मिळविण्यासाठीं थोडी अधिक परीक्षा द्यावी लागते, आणि ती योग्यच आहे. बंद मोटारीचें छत केवळ ऊनपाऊस अडवीत नाहीं. पुढचें व मागचें अंग सांधून धरणारा तो एक बळकट भाग असतो. तो काढला म्हणजे झांकण काढलेल्या खोक्याप्रमाणें मोटारीचा सांगाडा पिळवटूं लागतो. म्हणून अशा मोटारींचा तळ व दारांखालचे उंबरे अधिक भक्कम करावे लागतात, आणि त्यामुळें तिचें वजनहि वाढतें. परंतु मुख्य भय निराळेंच आहे. गाडी उलटली तर चालकाचें डोकें वांचविणार कोण? कापडी टप तर वांचवीत नाहीं. यासाठीं बैठकींच्या मागें पोलादी कमान बसवितात. ती पुरेशी उंच आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत अगदीं साधी आहे. चालकानें हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसावें, आणि पुढच्या कांचेच्या चौकटीपासून त्या कमानीपर्यंत एक सरळ काठी टेकवावी. हेल्मेट त्या काठीच्या खालीं राहिलें पाहिजे. हेल्मेट काठीस लागलें, तर त्या चालकास त्या गाडींतून सोडीत नाहींत. चालक कितीहि नामांकित असो, काठी कोणाची भीड धरीत नाहीं! उलटतांना हात बाहेर फेकला जाऊं नये म्हणून कांहीं आयोजक टप लावूनच धांवण्याचा आग्रह धरतात, तर कांहीं ठिकाणीं दंडास पट्टे बांधण्याचा नियम असतो. ज्या टपासाठीं गाडी घेतली तोच येथें लावावा लागतो, यांत थोडा विनोद आहे खरा. पण पुष्कळ शहाणपणहि आहे.

यंत्राची परीक्षा याहून कडक असते. एक हजार किलो वजनाची मोटार ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर ब्रेकमध्यें जी उष्णता उत्पन्न होते, तीवर एक लिटर थंड पाण्यास उकळी आणतां येईल. वेग दुप्पट झाला, तर ही उष्णता चौपट होते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित् येतो. धांवपट्टीवर तो प्रत्येक फेरींत अनेक वेळां येतो. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेंतील ओल शोषून घेणारा असतो. मोटारींत सामान्यतः वापरला जाणारा डॉट ४ जातीचा द्रव नवा असतां निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळूं नये असें प्रमाण आहे. ओल मुरली म्हणजे तेंच प्रमाण १५५ अंशांवर येतें. ठाण्यासारख्या खाडीकांठच्या, चार महिने पावसांत भिजणाऱ्या गांवीं या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. द्रव उकळला कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पाय तळापर्यंत जातो, पण गाडी थांबत नाहीं. यास्तव धांवपट्टीवर जाण्यापूर्वीं हा द्रव नवा भरून घेणें, ब्रेकचे घासते भाग व टायर तपासणें, चाकांचे नट योग्य जोरानें आवळणें, गाडींतील सुट्या वस्तु काढून ठेवणें, हीं कामें टाळतां येत नाहींत. शेवटची फेरी ब्रेक न वापरतां सावकाश घ्यावी, म्हणजे तापलेले भाग निवतात. गाडी उभी केल्यावर हातब्रेकहि ओढूं नये. गियर घालून चाकास अटकाव लावावा.

आणि मग चालकाची परीक्षा! वेग म्हणजे पाय दाबणें, अशी नवशिक्याची समजूत असते. पहिल्या चार वळणांतच ती गळून पडते. वळण घेण्याची रीत अशी कीं, बाहेरच्या कडेनें यावें, सरळ असतांनाच ब्रेक लावून वेग उतरवावा, वळणाच्या आंतल्या कडेस स्पर्श करावा आणि पुन्हां बाहेरच्या कडेस निघावें. यामुळें वांक मोठा होतो. आणि वांकाची त्रिज्या दुप्पट झाली, तर त्याच टायरांवर सुमारें दीडपट वेग पेलतो. म्हणजे जो आधीं सावकाश होण्यास शिकला, तोच पुढें जलद निघतो. वळणाच्या मध्यावर घाबरून जो एकाएकीं पाय उचलतो, त्याच्या गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि गाडी गरकन् फिरते. धांवपट्टीवर याचें फळ म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेंत धूळ खाणें; रस्त्यावर याचें फळ म्हणजे समोरून येणारी बस.

यासाठीं फार मोठें इंजिन लागतें असेंहि नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत सॅन मोटर्सनें 'सॅन स्टॉर्म' नांवाची उघड्या टपाची दोन बैठकींची मोटार बांधली होती. तिचें इंजिन रेनोचें, ११४९ घनसेंटिमीटरचें, सुमारें साठ अश्वशक्तीचें; आणि अंग फायबरग्लासचें. आकडे ऐकून कोणी हंसेल. परंतु अल्प शक्तीच्या हलक्या गाडींत चालकाची चूक इंजिनाच्या जोरावर झांकली जात नाहीं; वळणावर गमावलेला वेग सरळ टप्प्यावर परत मिळत नाहीं. म्हणून शिकणाऱ्यास अशी गाडी हीच चांगली पंतोजी होय.

अडचण आहे ती निराळीच. वर्तकनगराहून निघणाऱ्या हौशी मनुष्यास नामांकित धांवपट्ट्या फार दूर पडतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील धांवपट्टी सुमारें तेराशें किलोमीटरांवर आहे. कोइमतूरची करी धांवपट्टीहि तशीच दूर दक्षिणेस. ग्रेटर नोइडा येथील ५.१२५ किलोमीटर लांबीच्या बुद्ध धांवपट्टीवर २०११ ते २०१३ पर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तीहि हाकेच्या अंतरावर नाहीं. शिवाय मोटारीच्या नेहमींच्या विम्यांतून शर्यत व वेगाची चाचणी हीं वगळलेलीं असतात. तेव्हां तेथें गाडी मोडली, तर भुर्दंड मालकाचाच. वर्तकनगराच्या शेजारींच, १९२५ सालीं स्थापन झालेल्या व आतां बंद पडलेल्या गिरणीमुळें ठाण्यांत घरोघरीं माहीत असलेल्या रेमंड उद्योगाचे गौतम सिंघानिया यांनीं अशा मोटारींच्या मालकांचा क्लब काढला, आणि ते स्वतः युरोपांतील धांवपट्ट्यांवर उतरले. परंतु जो तरुण हप्त्यानें गाडी घेतो, त्यास युरोप कोठला? त्याच्यासाठीं कोल्हापूरच्या मोहिते अकॅडमीसारखी कार्टिंगची धांवपट्टी हाच जवळचा व परवडणारा श्रीगणेशा होय. चार इंचांवरून जमीन सरकत असतां वळणाचें व्याकरण तेथेंहि तेंच शिकावें लागतें.

मुलांस पोहतां यावें म्हणून गांव तलाव बांधतें. तें न बांधलें तर मुलें खाडींत उतरतात, आणि मग केवळ मुलांस दोष देऊन भागत नाहीं. वेगाच्या हौसेचेंहि असेंच आहे. कायदा रस्त्यावरची शर्यत थांबवूं शकतो. पण ती हौस जाणार कोठें, याचें उत्तर कायद्यापाशीं नसतें. तें उत्तर लहान, सुरक्षित व परवडणाऱ्या धांवपट्ट्यांनीं द्यावयाचें आहे. जो एक दिवस धांवपट्टीवर घालवून येतो, त्यास आपल्या गाडीस थांबावयास किती जागा लागते हें डोळ्यांनीं दिसलेलें असतें. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशीं टप पाडून उपवन तलावाकडे निघाला, तर सावकाशच जाईल. पोलिसांच्या भयानें नव्हे, तर त्या अंतराच्या आठवणीनें.