वर्गांतील गोंधळाचें मूळ

वर्गांतील कोणत्याहि दोषाचें कारण मुलांच्या स्वभावांत शोधणें मुख्याध्यापकाला फार सोयीचें असतें. मीहि तेंच करीत असें.

माझी शाळा बीड जिल्ह्यांतील एका खेड्यांत होती. १९९८ सालीं, पावसाळा संपतां संपतां, चौथीचे गुरुजी रोज तक्रार आणूं लागले कीं, मागच्या रांगेंतलीं सात-आठ मुलें गणिताच्या तासाला धुमाकूळ घालतात. मीं त्यांच्या जागा बदलल्या, त्यांना उभें केलें. आणि सर्वांत दांडग्या मुलाला तर, बापास घेऊन आल्याखेरीज शाळेंत पाऊल ठेवूं नकोस, असें बजावून घरीं पाठविलें. गोंधळ होता तसाच राहिला.

शेवटीं वही घेऊन मी स्वतः आठवडाभर मागें भिंतीशीं सतरंजीवर बसलों. कोण, केव्हां, कशानंतर, एवढेंच टिपीत गेलों. दोन दिवस मुलें मला भिऊन गप्प होतीं; तिसऱ्या दिवशीं विसरलीं. पाढे म्हणतांना हींच मुलें सर्वांत मोठ्यानें म्हणत. फळ्यावर भागाकार पडला कीं मात्र चुळबूळ सुरू होई. एकेकाला जवळ घेऊन विचारलें, तों भागाकार दूरच, हातच्याची वजाबाकीहि कोणाला येत नव्हती! न येण्याची लाज खोडीखालीं झांकली जात होती.

येथेंच थांबलों असतों, तर मुलांना ‘कच्चीं’ म्हणून मोकळा झालों असतों. पण मीं जुने हजेरीपट काढले. दुसरींत आणि तिसरींत, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, या सर्वांच्या नांवांपुढें गैरहजेरी. आईबापांनीं मुकादमाची उचल घेतलेली, घरीं सांभाळणारें कोणी नाहीं, म्हणून मुलेंहि ऊसतोडीच्या फडावर. हातचा शिकविला गेला तो याच महिन्यांत. आणि त्या प्रत्येक पानाच्या तळाशीं सही माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास, काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे सोडून वजाबाकी सुरू केली. तिघांना त्यांच्या आज्यांनीं गांवींच ठेवून घेतलें. (अशा मुलांसाठीं शासनाचीं हंगामी वसतिगृहें निघालीं तीं पुढें.) हजेरीपटांत गैरहजेरीशेजारीं कारणहि लिहूं लागलों.

घरीं पाठविलेल्या मुलाकडे मी आपण होऊन गेलों. दाराला कुलूप होतें. शेजारची म्हातारी म्हणाली, “गुर्जी, टोळी परवाच गेली की. पोरगं बापाला म्हनत व्हतं, आधी मास्तरला भेटू, मग जाऊ.”