कौटुंबिक न्यायालय : कोणाचा अधिकार किती?

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून तो स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



व्यासपीठावर बोलायची माझी ही पहिलीच वेळ. मी वकील नाही. शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याशीच माझा संबंध. तेव्हा ‘हा माणूस कोर्टावर काय बोलणार?’ असे तुमच्या मनात आले असेल, तर ते बरोबरच आहे. पण कोर्टाची पायरी मी चढलो आहे. ‘शहाण्याने चढू नये’ म्हणतात, तरी चढावी लागली. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगता यावी म्हणून मी हा विषय घेतला.

सुरुवात एका नोटिशीपासून करतो. आमच्या ऑफिसात सोलापूरकडून बदलून आलेला एक सहकारी आहे. एक दिवस तो डबा खायला आला नाही. जाऊन पाहिले तर कागद हातात घेऊन बसलेला. कागद कौटुंबिक न्यायालयाचा, मजकूर कन्नडमध्ये. मला थोडे कन्नड वाचता येते. त्यात लिहिले होते, ‘पाचवे अतिरिक्त प्रधान न्यायाधीश’. त्याने विचारले, “साहेब, हे अतिरिक्त म्हणजे वरचे की खालचे? मोठ्या न्यायाधीशांकडे नेता येणार नाही का?”

प्रश्न हसण्यासारखा नाही. आपल्या रेल्वेत अतिरिक्त म्हणजे एडीआरएम, आणि त्यांच्यावर डीआरएम. फाईल खालून वर जाते आणि शेवटची सही वरच्याची. तेच डोक्यात घेऊन आपण कोर्टात जातो आणि तिथे फसतो.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्यामागचा विचार मात्र जुना आहे. दुर्गाबाई देशमुख, म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी, १९५३ साली चीनला गेल्या होत्या. तिथे त्यांनी घरगुती तंट्यांसाठी वेगळी न्यायालये पाहिली. परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच पंडित नेहरूंशी या विषयावर चर्चा केली. पुढे १९७४ साली विधी आयोगानेही सांगितले की घरच्या भांडणाकडे दिवाणी दाव्याच्या नजरेने पाहू नये. एवढ्या वाटचालीनंतर कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत १९८९ साली ही न्यायालये सुरू झाली. आपल्या बेंगळुरूचे कौटुंबिक न्यायालय सिद्धय्या रोडवर ‘न्याय देगुल’ या इमारतीत आहे. कन्नडमध्ये देगुल म्हणजे देऊळ. त्या पायऱ्या चढणाऱ्यांचे चेहरे पाहिले की हे नाव आठवत राहते.

आता त्या सहकाऱ्याचा प्रश्न. कायद्याच्या चौथ्या कलमात उत्तर आहे. एका न्यायालयात एकापेक्षा जास्त न्यायाधीश असतील तर प्रत्येकाला न्यायालयाचे सगळे अधिकार वापरता येतात. प्रधान न्यायाधीश कामाचे वाटप करतात, आणि ते नसतील तेव्हा अतिरिक्त प्रधान न्यायाधीश त्यांची जागा सांभाळतात. म्हणजे ‘पाचवे अतिरिक्त’ हा त्या खुर्चीचा क्रमांक आहे, पायरी नव्हे. घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी, सगळ्यांत त्यांचा निकाल पूर्ण निकाल असतो. घटस्फोटाचा किंवा ताब्याचा निकाल मान्य नसेल तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचे, आणि तिथे ते किमान दोन न्यायमूर्तींपुढे चालते. प्रधान न्यायाधीशांकडे नाही. आणि संमतीने हुकूमनामा झाला असेल तर त्यावर अपीलच नाही. म्हणून समेटाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो चार वेळा वाचा. भाषा समजत नसेल तर समजणाऱ्याकडून वाचून घ्या.

सगळीकडे असे नसते. आपल्यापैकी काहींची मुले डॅलस, ह्यूस्टनकडे आहेत. त्या टेक्सास राज्यात कौटुंबिक कज्ज्यांसाठी ‘असोसिएट जज’ म्हणजे सहयोगी न्यायाधीश असतात. मूळ न्यायाधीश काम त्यांच्याकडे सोपवतात. ते साक्षी घेतात, तात्पुरते आदेश देतात आणि अहवाल करतात. तो पसंत नसेल तर कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत मूळ न्यायाधीशांपुढे नव्याने सुनावणी मागता येते. मुख्य सुनावणी सहयोगी न्यायाधीशांपुढे नकोच असेल तर वेळेत हरकतही घेता येते. तिथल्या माणसाने आपल्यासारखे ‘तीस दिवस आहेत’ म्हणून बसून चालणार नाही, आणि इथल्या माणसाने तिथल्यासारखे ‘हे तर अतिरिक्त आहेत, नंतर मोठ्यांना सांगू’ असे समजून चालणार नाही. तुमच्यापुढे बसलेल्या व्यक्तीचा अधिकार किती, हे पहिल्याच तारखेला विचारून घ्यावे.

आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायाधीशांचे काही अधिकार ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. समेटाची शक्यता दिसली तर ते काम पुढे ढकलू शकतात. पुराव्याच्या कायद्यात बसो वा न बसो, तंटा सोडवायला उपयोगी वाटेल असा अहवाल किंवा कागद ते पाहू शकतात. दोघांपैकी एकाने जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. वकील लावणे हा तिथे हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा मिळते. पोटगीचे जे कलम आपण १२५ म्हणून ओळखतो, ते १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झाले आहे, पण काम याच न्यायालयात चालते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले की पोटगीच्या कामात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. पगाराची स्लिप लपवण्याचे दिवस गेले, मंडळी.

परगावी राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पत्नी माहेरी परतली असेल तर २००३ सालच्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखाली ती राहते तिथे अर्ज करू शकते. म्हणजे नवरा बेंगळुरूत आणि काम सोलापूरला, असे होऊ शकते. एका राज्यातले काम दुसऱ्या राज्यात हलवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे. इथल्या न्यायाधीशांपुढे कितीही विनवणी केली तरी ते त्यांच्या हातात नाही.

आता मी ज्यासाठी उभा राहिलो तिकडे येतो. न्यायाधीशांच्या आधी तुम्ही ज्यांच्यापुढे बसता, त्यांच्याविषयी. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. बेंगळुरूत न्याय देगुलातच २००७ पासून मध्यस्थी केंद्र आहे. या लोकांना निकाल देण्याचा काडीचाही अधिकार नाही. मध्यस्थी फसली तर मध्यस्थ फक्त ‘समेट झाला नाही’ एवढेच कळवतो. तिथे कोण काय बोलले ते बाहेर येत नाही. म्हणून तिथे मोकळेपणाने बोलता येते. मुलाच्या ताब्याचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. न्यायालयाने मागितला तर समुपदेशक घरचे वातावरण, मुलाचे आईवडिलांशी नाते यांविषयी अहवाल देतात. अशा कामात समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले, कारण तिथे मुलाचे हित सर्वांत वर असते.

हे मला तेव्हा माहीत नव्हते.

माझी धाकटी बहीण मुलीला घेऊन माहेरी परतली होती. तिच्या परवानगीने सांगतो आहे. गावाचे नाव सांगत नाही. भाची तेव्हा सात वर्षांची. ताब्याचे काम सुरू झाले. प्रत्येक तारखेला मी उद्यान एक्सप्रेसने जायचो. वडील नाहीत, तेव्हा ‘मी उभा आहे’ हे दाखवणे मला माझे कर्तव्य वाटे. समुपदेशक बाई मुलीशी एकट्याने बोलणार असे कळले, आणि मला वाटले की आता सगळे त्यांच्याच हातात आहे. आदल्या रात्री मी भाचीला मांडीवर घेतले आणि चार वाक्ये पाठ करून घेतली. पाढे म्हणून घ्यावेत तशी. बहिणीला मी हे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला आत नेले. अर्ध्या तासाने दार उघडले आणि त्यांनी मला बोलावले. शांतपणे म्हणाल्या, “मामा, तिने तीन वाक्ये न चुकता सांगितली. मग म्हणाली, ‘चौथे आठवत नाही, मामाला विचारून येऊ का?’”

मला बसायलाही सुचले नाही. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मी निकाल देत नाही. निकाल साहेब देतात. पण त्यांनी अहवाल मागितला तर मला जे दिसले ते लिहावे लागेल. तुमच्या बहिणीची बाजू चांगली आहे. तिला या वाक्यांची गरज नव्हती.”

मंडळी, आमच्या पी-वे खात्यात की-मन असतो. हातात हातोडा आणि झेंडे घेऊन रोज आपल्या हद्दीचा रूळ पायी तपासतो. गाडी किती वेगाने जावी हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. पण रूळ तडकलेला दिसला तर लाल झेंडा दाखवून तो कोणतीही गाडी थांबवतो, आणि त्याला कोणी हुद्दा विचारत नाही. आमच्या नोकरीत सर्वांत मोठे पाप म्हणजे रजिस्टरमध्ये खोटी नोंद करणे. रूळ तडकणे हा अपराध नाही, तडा लपवणे हा अपराध आहे. समुपदेशक बाई त्या की-मनसारख्या, आणि मी सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून खोटी नोंद करायला निघालो होतो. माझ्या हाताखालच्या माणसाने असे केले असते तर मी त्याला चार्जशीट दिली असती.

काम पुढे समेटाने संपले. भाची आईजवळ राहिली, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी वडिलांकडे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले अर्धे दिवस तिकडे. आमचे जावई नवरा म्हणून कसे होते तो वेगळा विषय, पण बाप म्हणून ते एकही शनिवार चुकले नाहीत. जे वाक्य मी तिला पाठ करायला लावले होते, ते खरे नव्हते.

त्यानंतर वर्षभर तरी असे व्हायचे की वडिलांचा फोन आला की भाची माझ्याकडे किंवा आजीकडे पाहायची आणि विचारायची, “काय सांगू?” न्यायालयाने तिच्यावर कोणतेही ओझे टाकले नव्हते. ते मी टाकले होते. आज ती दहावीला आहे आणि भरपूर बोलते. मी मात्र तो प्रश्न विसरलेलो नाही.

कायदा म्हणतो की मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याची पसंती विचारात घेऊ शकतात. विचारात घेऊ शकतात, एवढेच. निकाल मुलाने द्यायचा नसतो. न्यायाधीशांचा, समुपदेशकांचा, मध्यस्थांचा अधिकार किती ते मी माझ्या कुवतीप्रमाणे सांगितले. मामा, काका, आजी-आजोबा यांचा अधिकार किती? मुलाला वेळेवर जेवू घालावे, शाळेत सोडावे, त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूला नावे ठेवू नयेत, आणि आत जाताना एवढेच सांगावे की “बाळा, जे वाटते ते सांग.” बस्स.

तो सोलापूरचा सहकारी आज इथे बसला आहे. त्याचे काम अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी बोलत नाही. त्याने मला विचारले होते की पहिल्या तारखेला जाताना काय घेऊन जाऊ. मी म्हटले, पगाराच्या खऱ्या स्लिपा, लग्नाचे आणि मुलाचे कागद, आणि कन्नड वाचणारा एक माणूस. तो माणूस म्हणून मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. आत गेलो नाही आणि कोणाला काही शिकवलेही नाही.

आपल्या मंडळात कोणावर अशी वेळ आली तर संकोच करू नका. नोटीस लपवून ठेवू नका, आणि वेळ निघून जाण्याआधी जाणकार वकिलाला दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. आणि सोबतीला बाहेरच्या बाकावर बसायला माणूस लागला तर मला सांगा.

माझ्या बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे.

गणपती बाप्पा मोरया!