लॅपटॉप घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाचे सामान आणणे आणि दिवाळीच्या फराळाचा हिशेब ठेवणे. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला गेलात तेव्हा लाडवांचा वजनकाटा बरोबर नेलात म्हणे. तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चूक झाल्यास घरचीच समजून सांभाळून घ्यावे.

आधी माझी चूक सांगते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा आमची मुलगी नववीत होती. एका नातलगाच्या शब्दावर आम्ही ९,००० रुपयांचा टॅबलेट घेतला. मी एक प्रश्न विचारला नाही. मनात म्हटले, आपण सातवी शिकलेल्या, आपल्याला यातले काय कळणार? तांदूळ घेताना मी चार दाणे दाताखाली धरून पाहते, साडी घेताना पदर उलटून पाहते. ही वस्तू मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घरी आणली. वर्षभरात त्यातली जागा भरली. लांब उत्तर लिहायचे तर काचेवर बोटे आपटून पोरीचा जीव मेटाकुटीला येई. पुढे बॅटरी फुगली. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, ही आत चिकटवलेली आहे. काढून बसवायला जेवढे जातील त्यात थोडे घालून नवा येईल." दहावीच्या पूर्वपरीक्षेला दहा दिवस उरले असताना तो कायमचा बंद पडला. मग ती रोज संध्याकाळी शेजारच्या वहिनींचा फोन मागून आणी. तिने मला बोल लावला नाही, पण जिन्यावरून तिची पावले वाजली की मला अपराध्यासारखे वाटे. चूक पैशाची होतीच, पण त्याहून मोठी चूक विचारायला लाजण्याची होती.

आता ती बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज डोंबिवलीहून लोकलने कॉलेजला जाते आणि संध्याकाळी टॅलीच्या वर्गाला बसते. तिला स्वतःचे यंत्र हवे, हे सर्वांनाच पटले. माझ्याजवळ भिशीचे आणि चार दिवाळ्यांच्या फराळाचे मिळून ४८,००० रुपये होते. आमच्या ह्यांचे म्हणणे, दुकानदार चांगला सांगेल ते घ्यावे. मुलीच्या मनात मात्र एकच गोष्ट भरली होती. तिच्या मैत्रिणीकडे आहे तसा, की-बोर्ड काढला की टॅबलेट आणि लावला की लॅपटॉप होणारा. मी म्हटले, या खेपेला दोघींनी मिळून पाहायचे, आणि मला समजेपर्यंत पैसे पिशवीतून बाहेर काढायचे नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही तीन दुकाने हिंडलो. माझ्या ध्यानात आले ते असे. हलकी यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची. पहिला प्रकार साधा पातळ लॅपटॉप, वहीसारखा उघडतो आणि मिटतो. २००८ साली अॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकबुक एअर हा लॅपटॉप लोकांसमोर कागदी लखोट्यातून काढून दाखविला. त्याचे वजन सुमारे १ किलो ३६० ग्रॅम होते. पातळ लॅपटॉपचे वेड वाढले ते तेव्हापासून. दुसरा प्रकार, ज्याचा पडदा उलटा पाठीमागे वळतो. लेनोव्हो कंपनीने २०१२ साली 'योगा' या नावाने असे यंत्र आणले, नाव मोठे समर्पक. तिसरा प्रकार म्हणजे पाटी वेगळी आणि की-बोर्ड वेगळा. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली 'सरफेस' काढला तो असा. पाठीला टेकू, आणि झाकणासारखा लावायचा की-बोर्ड. आयपॅडलाही असे की-बोर्ड मिळतात.

आता मी दुकानात कोणते प्रश्न विचारले ते सांगते.

पहिला प्रश्न, काम कोणते? हा मी दुकानदाराला विचारण्याआधी टॅली शिकविणाऱ्या बाईंना विचारला. त्यांनी डोळे उघडले. त्या म्हणाल्या, "दिसायला दोन पाट्या सारख्या असतात, पण आतला कारभार निराळा असतो. काहींत विंडोज असते, आणि काहींत आयपॅडची किंवा अँड्रॉइडची, म्हणजे फोनच्या जातीची, व्यवस्था असते. टॅली ही विंडोजवर चालणारी आहे. की-बोर्ड लावला म्हणून आयपॅडवर किंवा अँड्रॉइडवर ती लॅपटॉपसारखी बसवता येणार नाही." एक्सेल तिथेही मिळते, परंतु त्यातल्या सगळ्या सोयी तिथे मिळत नाहीत. या एका उत्तराने निम्मी यंत्रे आमच्या यादीतून गेली. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. काही हलक्या विंडोज यंत्रांत स्नॅपड्रॅगन जातीचा प्रोसेसर असतो. बॅटरीच्या दृष्टीने तो चांगला, पण घरचा जुना प्रिंटर किंवा एखादा जुना प्रोग्राम त्याच्याशी जुळेलच असे नाही. तेव्हा आपल्या कामाची यादी कागदावर लिहून न्यावी आणि "यातले प्रत्येक यावर चालेल का?" असे एकेक विचारावे.

दुसरा प्रश्न, वजन किती? इथे माझा काटा कामाला आला. दुकानातला मुलगा हसला, पण त्याने वजन करू दिले. वेगळ्या की-बोर्डाच्या यंत्रावर ७९० ग्रॅम लिहिले होते, आणि भरलेही तेवढेच. मुलगी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागली. मी म्हटले, "आता की-बोर्ड लाव." २८० ग्रॅम वाढले. "आता चार्जर ठेव." आणखी २१०. झाले १ किलो २८० ग्रॅम. साधा पातळ लॅपटॉप १ किलो २९० आणि त्याचा चार्जर २४०, मिळून १ किलो ५३०. म्हणजे अर्ध्याचा वाटलेला फरक पाव किलोवर आला. उलटा वळणारा चार्जर सोडून १ किलो ५०० च्या वर भरला. तो टॅबलेटसारखा एका हातात धरून वाचायचा म्हटले तर पाच मिनिटांत मनगट दुखेल. कागदावर लिहिलेले वजन बहुधा नुसत्या पाटीचे असते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न, बसायचे कोठे? आपल्या दोन खोल्यांच्या घरात टेबल कोणाकडे मोकळे असते? आमच्याकडे टेबलावर मिक्सर आणि देवाची फुलपरडी. मुलगी अभ्यास करते ती दिवाणावर मांडी घालून. मी दुकानातल्या स्टुलावर बसले आणि दोन्ही यंत्रे आळीपाळीने मांडीवर घेतली. वेगळ्या की-बोर्डाच्या यंत्राला मागे टेकू लागतो. तो मांडीवर रुतला आणि जरा हलले की पाटी मागे कलंडू लागली. की-बोर्ड पातळ, मधे लवणारा. टेबलावर तेच यंत्र शहाण्यासारखे उभे राहिले. साधा लॅपटॉप मात्र मांडीवर स्थिर. मग मुलीला दोहोंवर दहा-दहा ओळी लिहायला लावल्या. चुका कोठे अधिक झाल्या हे तिचे तिलाच कळले. पडद्याचेही तसेच. दहा इंची पडद्यावर हिशेबाचे रकाने पाहायचे तर सारखे इकडून तिकडे सरकवावे लागतात. चौदा इंचीवर जमा आणि खर्च एका नजरेत येतात. मलाही चष्म्यातून वाचता आले.

चौथा प्रश्न, सगळे मिळून किती? पाटीवर ४४,९९० रुपयांची चिठ्ठी होती. की-बोर्ड ९,००० रुपये निराळा आणि लेखणी ४,००० रुपये निराळी. बेरीज केली तर ५७,९९०. चार्जर खोक्यात आहे का, हेही विचारावे. हल्ली काही वस्तूंबरोबर तो देत नाहीत. साधा लॅपटॉप ४६,५०० रुपयांना, की-बोर्ड अर्थातच अंगचा.

पाचवा प्रश्न, टिकणार किती आणि मोडल्यास काय? पातळ यंत्रांत रॅम पुष्कळदा आत कायमची जोडलेली असते. पुढे वाढविता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी. आम्ही १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी जागा असलेला पाहिला. टॅबलेटच्या जातीत पडदा, बॅटरी, सगळे एकाच पाटीत चिकटवलेले असते, त्यामुळे दुरुस्ती अवघड जाते. साध्या लॅपटॉपची बॅटरी आणि की-बोर्ड बहुधा सुटे बदलता येतात. दुरुस्तीचे केंद्र कोठे, वॉरंटी किती वर्षांची, आणि माणूस घरी येतो की आपणच न्यायचे, हे बिल करण्याआधी विचारावे. एका ओळखीच्यांनी जुना लॅपटॉप २०,००० रुपयांत देऊ केला होता. मोह झाला. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला होता, आणि त्या यंत्रावर विंडोज ११ बसत नव्हते. आम्ही नम्रपणे नको म्हटले.

भगिनींनो, हिशेब असा सरळ झाला, पण घरातले प्रश्न बेरजेने सुटत नाहीत. घरी येताना मुलगी गप्प होती. रात्री म्हणाली, "आई, तुझे सगळे बरोबर. पण तो पाव किलो तुला नाही वाहायचा. गर्दीत दोन्ही हात वर धरून मी उभी असते, तेव्हा पाठीवर काय असते ते तुझ्या काट्याला काय ठाऊक?" मला उत्तर सुचले नाही. तिचे खोटे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिची पिशवी काट्यावर ठेवली, तर लॅपटॉप नसतानाच ४ किलो ३०० ग्रॅम. एक लिटरची भरलेली बाटली, स्टीलचा डबा, गेल्या वर्षीच्या दोन वह्या आणि एक जाड पुस्तक. मी म्हटले, बाटली कॉलेजात भरायची, डबा हलका देते, वह्या घरी. जवळजवळ दोन किलो कमी झाले. त्यावर ती हसली. तरी लेखणीने पडद्यावर लिहायची तिची हौस राहिली ती राहिलीच. मैत्रिणीचे यंत्र पाहिले की तिची नजर अजून तिकडे जाते. ती हौस माझ्याच्याने पुरविता आली नाही, हे मी तिला मोकळेपणाने सांगितले. आम्ही साधा पातळ लॅपटॉप घेतला आणि १,५०० रुपये उरले, त्यात पाठीवरची चांगली पिशवी आली.

याचा अर्थ दुसरा प्रकार वाईट, असे कोणी समजू नये. आपल्यापैकी ज्या गणिताच्या किंवा चित्रकलेच्या शिकवण्या घेतात, त्यांना लेखणीने लिहिता येणारी पाटीच सोयीची. ज्यांना टाईप थोडे आणि वाचन पुष्कळ, किंवा भजनाची वही समोर धरायची आहे, त्यांना नुसता टॅबलेटही पुरेल, की-बोर्डाचा खर्च कशाला? ज्यांना टेबल आहे, प्रवास रोजचा आहे आणि खिसा साथ देतो, त्यांनी वेगळ्या की-बोर्डाचे विंडोज यंत्र जरूर पाहावे. शेजारणीने घेतले म्हणून घेऊ नये आणि मी नाही घेतले म्हणून सोडूही नये. आपले काम, आपली बसायची जागा आणि आपली पिशवी, यांनी ठरवावे.

आपल्या मंडळाचा हिशेब यंदा वहीतून संगणकावर न्यायचा विचार चालू आहे. त्यासाठी यंत्र घेताना हेच पाच प्रश्न विचारावेत अशी माझी सूचना आहे. वजनकाटा माझ्याकडे आहेच. मीही रात्रीची भांडी झाल्यावर मुलीजवळ बसून जमाखर्च लिहायला शिकते आहे. 'ज्ञ' कोठे असतो ते अजून दर वेळी विचारावे लागते. ती सांगते, आणि मी विचारते. आता लाज वाटत नाही.

चूकभूल पदरात घ्यावी, आणि काही विचारायचे असल्यास दुपारी तीननंतर केव्हाही घरी यावे.